विशेषणरावांची टाकी

विशेषणरावांना हे नाव कचेरीने ठेवलं होतं, तेही चिडवायला. पण त्यांनी ते पदवी मिळाल्यासारखं मिरवलं. गृहस्थ परराष्ट्र खात्यात निवेदनं लिहायचे. सरकारला एखाद्या देशाचं कौतुक करायचं असो नाहीतर कानउघाडणी, मजकूर बाहेर जायच्या आधी त्यात विशेषणं बसवायचं काम यांचं. सगळा जन्म त्यात गेल्यामुळे घरीही सवय सुटेना. चहा 'समाधानकारक' असायचा, भाजी 'चिंताजनक', आणि शेजाऱ्यांचा रेडिओ 'तीव्र निषेधार्ह'. त्यांची बायको घरी शिवणकाम करायची आणि तिच्या तोंडात कायम टाचण्या असायच्या. त्या टाचण्यांमधूनच ती म्हणायची, "एवढी चिंता वाटत असेल तर उद्यापासून भाजी तुम्ही करा." मग भाजीची परिस्थिती ताबडतोब सुधारायची.

निवेदन लिहिणं म्हणजे मोठं विद्वत्तेचं काम, असं बाहेरच्यांना उगीच वाटतं. खात्यात निवेदनाचा एक साचा होता. तो कुणी केला कुणास ठाऊक, पण कितीतरी साहेब आले आणि गेले, साचा जागचा हलला नाही. कडक निवेदन हवं असेल तर साच्यात 'क्रूर' आणि 'दडपशाही' बसवायचं. गोड हवं असेल तर तेच निवेदन समोर घ्यायचं आणि कडू शब्द काढून त्यांच्या जागी उलटे गोड शब्द ठेवत जायचं. क्रूरचं दयाळू, दडपशाहीची शिस्त, 'धिक्कार करतो'चं 'स्वागत करतो'. यात वेळ वाचायचा, शिवाय टंकलेखकाला ओळी पाठ असल्याने चुकाही कमी व्हायच्या. मोठ्या साहेबांचा नियम एकच होता. प्रत्येक विशेषणाला एक उदाहरण हवंच. "नुसतं क्रूर म्हटलं तर ती शिवी होते," ते म्हणायचे, "उदाहरण दिलं की धोरण होतं."

आता कडक कधी आणि गोड कधी, हे ठरायचं कशावर? तत्त्वांवर, असं तुम्ही म्हणाल. विशेषणरावांनाही नोकरीला लागताना तसंच वाटलं होतं. मग त्यांना खिडकीजवळचं टेबल मिळालं आणि उजेड पडला.

खिडकीतून खाली बंदर दिसायचं आणि बंदरावर तेलाची एक भलीमोठी गोल टाकी होती. अशा टाकीचं छप्पर तेलावर तरंगत असतं. तेल भरलं की छप्पर वर येतं, तेल उतरलं की तेही आत खाली जातं. खात्याची इमारत उंचावर असल्यामुळे छप्पर कुठवर आलंय हे सगळ्या मजल्यांवरून स्वच्छ दिसायचं. आणि टाकीतलं तेल यायचं समुद्रापलीकडच्या एका देशातून, जिथे राजेसाहेब राज्य करत होते. राज्य कसं, तर चारचौघांत तोंड उघडायची सोय नाही असं.

छप्पर वर काठाला आलं की सरकारला स्वातंत्र्य, न्याय आणि माणसाची प्रतिष्ठा यांची जोरदार आठवण यायची. छप्पर तळाला गेलं की जुनी मैत्री आठवायची, दोन देशांना जोडणारा समुद्र आठवायचा, आणि प्रत्येक घराच्या आपापल्या रीती असतात, त्यात बाहेरच्यांनी नाक खुपसू नये, हेही आठवायचं. छप्पर मधेच कुठेतरी असलं तर 'आम्ही परिस्थितीवर बारकाईने लक्ष ठेवून आहोत', आणि यात खोटं काही नव्हतं, सगळं खातं खिडकीतून लक्षच ठेवून असायचं. असा हुकूम कुणी कधी काढला नाही. बैठकीत टाकीचा उच्चारसुद्धा व्हायचा नाही. बैठकीत तत्त्वांवरच बोलणं व्हायचं, फक्त बोलता बोलता जो तो मान तिरकी करून बाहेर पाहून घ्यायचा. मोठ्या साहेबांच्या मानेला त्यामुळे कायमचा बाक आला होता. एका निवडणुकीच्या वेळी टाकी काठोकाठ भरलेली होती, तेव्हा दोन्ही पक्षांनी आपापल्या जाहीरनाम्यात स्वातंत्र्य अगदी पहिल्या पानावर छापलं. निकाल लागेपर्यंत छप्पर खाली गेलं. जो पक्ष जिंकला त्याने शपथविधीच्या भाषणात शेजारधर्मावर भर दिला, आणि जो हरला त्याने एवढीच तक्रार केली की शेजारधर्म हा शब्द मुळात आमचा.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण विशेषणरावांचा मेहुणा राजेसाहेबांच्या तुरुंगात होता.

मेहुणा चित्रकलेचा शिक्षक. तिकडच्या एका शाळेत चांगली नोकरी मिळाली म्हणून गेला. माणूस सरळ, म्हणजे इतका सरळ की घरच्यांना धडकी भरावी. लहानपणी बहिणीचं चित्र काढलं तर नाकावरच्या मुरुमासकट काढायचा. तिकडे शाळेत मुलांनी राजेसाहेबांची चित्रं काढली, मिशांची दोन्ही टोकं अगदी समान. याने भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून मुलांना सांगितलं, "नीट बघा रे, डावं टोक जरा खाली आहे," आणि लाल पेन्सिलीने सगळ्यांची डावी मिशी खाली ओढून दिली. राजमिशीची बदनामी, असा गुन्हा लागला. संध्याकाळी त्याला उचललं. वर्गातली चित्रंही उचलली, आणि मुलांना म्हणे पुन्हा चित्रं काढायला लावली, या वेळी फूटपट्टी घेऊन.

तेव्हापासून विशेषणराव घरी आले की बायको चपला काढायच्या आधीच विचारायची, "छप्पर कुठवर आलंय?"

वर येतंय म्हटलं की तिचा चेहरा उजळायचा. कारण छप्पर काठाला आलं की कडक निवेदन निघायचं, आणि त्यात 'क्रूर' या शब्दाचं उदाहरण म्हणून विशेषणराव दर वेळी एकच वाक्य घालायचे: 'या क्रूर राजवटीने एका निरपराध चित्रकला शिक्षकाला तुरुंगात टाकले आहे.' त्या रात्री घरात गोडधोड व्हायचं. बायको वर्तमानपत्रातून निवेदन कापायची आणि शिवणयंत्राच्या मागच्या भिंतीवर टाचणीने लावायची. कधीतरी निवेदन पुरेसं कडक होईल, राजेसाहेबांना लाज वाटेल आणि भाऊ सुटेल, यावर तिची सगळी भिस्त होती. विशेषणरावही आपल्या परीने जोर लावायचे. एकदा छाती काढून घरी आले आणि म्हणाले, "तुझ्या भावासाठी आज 'अमानुष' वापरलं. अमानुष आम्ही सहसा बाहेर काढत नाही."

"मग त्याच्या वरचं काही आहे का?"

"एक आहे. पण ते युद्धासाठी राखून ठेवलंय."

"मेलं तुमचं ते राखून ठेवणं," ती म्हणाली, पण डोळे पुसत हसली.

मेहुण्याचं प्रकरण विशेषणरावांनी मोठ्या साहेबांच्या कानावर घातलं होतं. निवेदनातला तो शिक्षक म्हणजे माझ्या बायकोचा सख्खा भाऊ, असं स्पष्ट सांगितलं होतं. साहेब "अरेरे" म्हणाले, मनापासून म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत विसरून गेले.

एके दिवशी सकाळी विशेषणरावांनी कचेरीत येऊन खिडकीचा पडदा सारला आणि काचेला नाक लावलं. छप्पर पार तळाला गेलं होतं. आदल्या दिवशी काठाला असलेलं छप्पर, आणि आज टाकीत वाकून पाहावं लागावं इतकं खाली. तोवर सगळ्याच मजल्यांवर बोंब झाली होती. लिफ्ट बंद केल्या गेल्या, बचत म्हणून. मंत्रिमहोदय सायकलवरून आले. ते सायकल चालवायला विसरले होते हे फाटकापाशी सगळ्यांना कळलं. सबंध जिना चढून धापा टाकत मोठे साहेब विशेषणरावांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि मान तिरकी करून म्हणाले, "गोड. आत्ताच्या आत्ता. रेडिओवाले खाली थांबलेत."

"किती गोड, साहेब?"

"तोंडाला मिठी बसेल इतकं!"

विशेषणरावांची पाचावर धारण बसली. त्यांनी हाताला लागलं ते शेवटचं कडक निवेदन पुढे ओढलं आणि नेहमीच्या पद्धतीने भराभर उलटं करत सुटले. साहेब डोक्याशी उभे, टंकलेखक पानाचं टोक धरून उभा. क्रूरचं दयाळू. राजवटीचे राजेसाहेब. धिक्काराचं स्वागत. वाक्य वाचायला सवड कुणाला होती, हात शब्दामागून शब्द उलटा करत गेला आणि थांबला नाही. साहेबांनी पान घेतलं. साहेब नेहमी विशेषणंच तेवढी वाचायचे. "दयाळू, वा. उदारमनस्क, वा वा," म्हणाले आणि सही ठोकली.

निवेदन रेडिओवर गेलं, देशोदेशींच्या वर्तमानपत्रांकडे गेलं. विशेषणरावांनी घाम पुसला आणि जवळची प्रत उचलून सावकाश वाचली. त्यात लिहिलं होतं: 'दयाळू राजेसाहेबांनी एका निरपराध चित्रकला शिक्षकाला तुरुंगातून सोडले आहे, या उदार कृत्याचे आम्ही स्वागत करतो.'

तेवढ्यात बंदरावरून फोन आला. टाकी आतून घासून रंगवायची होती म्हणून तेल टेकडीमागच्या लहान टाक्यांत हलवलंय, तिकडे जागा उरली नाही इतकं तेल आहे, आणि खात्यातले लोक सकाळपासून रडवेले होऊन फोन का करतायत, असं बंदरवाले विचारत होते.

विशेषणराव ऐकत होते, पण त्यांच्या डोक्यात वेगळीच कळ उठली होती. घरी रेडिओ चालू असेल.

ते उठले आणि तडक घरी निघाले. दार सताड उघडं होतं. बायकोने पुढची खोली धुऊन काढली होती. शिवायचे कपडे एका कोपऱ्यात ढीग करून ठेवले होते, भिंतीलगत गादी घातली होती, तिच्यावर कोरी चादर. शेजारच्या बायका दारात उभ्या होत्या. ती नवऱ्याकडे धावत आली. तोंडात एकही टाचणी नव्हती.

"सुटला! अहो, रेडिओवर सांगितलं! नाव नाही घेतलं, पण चित्रकला शिक्षक म्हणाले. आपलाच ना? दुसरा कोण असणार?"

विशेषणरावांनी शेजारणींना हात जोडून वाटेला लावलं. मग त्यांनी बायकोला गादीवर बसवलं आणि सगळं सांगितलं: टाकी, रंग, घाई, उलटवलेले शब्द.

ती बराच वेळ चादरीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तो आतच आहे."

"हो."

"आणि आता तो सुटला असं सगळ्या जगाला वाटतंय. म्हणजे आता त्याच्यासाठी कुणी ओरडणारसुद्धा नाही."

विशेषणरावांना हे सुचलंच नव्हतं. त्यांना इतकी लाज वाटली की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बायकोने उठून टाचण्यांचा डबा घेतला, मूठभर टाचण्या तोंडात धरल्या आणि यंत्रावर बसली. पुढचे कितीतरी दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. गादी मात्र तिने उचलली नाही, आणि विशेषणरावांची उचला म्हणायची छाती झाली नाही.

कचेरीत ते रोज दुरुस्तीचं निवेदन काढा म्हणून साहेबांच्या मागे लागले. साहेब हात वर करायचे. "काय लिहायचं? की ते दयाळू नाहीत? टाकीचा रंग वाळतोय तोवर असं बोलू नये. की आम्ही चुकलो? आम्ही चुकलो असा साचाच नाही आपल्याकडे." विशेषणरावांनी जुनी कपाटं उपसून पाहिली. खरंच नव्हता.

मग एके दुपारी दार वाजलं. विशेषणरावांना सुट्टी होती, तेच उघडायला गेले. दारात एक वाळलेला माणूस उभा होता, अंगात कुणाचा तरी ढगळ कोट, हातात काही नाही. "भावजी," तो म्हणाला, "तुमच्या कानामागे पांढरे केस आलेत." असं भेटल्या भेटल्या बोलणारा जगात एकच माणूस होता. आतून यंत्र थांबल्याचा आवाज आला आणि टाचण्या फरशीवर सांडल्याचा.

रडणं, मिठ्या, पुन्हा रडणं, हे सगळं झालं. ते मी सांगत बसत नाही, ज्याच्या घरचं माणूस असं परत आलंय त्याला ते माहीत आहे. बायकोने भावाला गादीवर बसवून विचारलं, "काय खाशील?"

"अंडं," तो म्हणाला.

अंडी उकडेपर्यंत त्याने सगळं सांगितलं. राजेसाहेबांनी म्हणे स्वतःची स्तुती देशोदेशींच्या वर्तमानपत्रांत वाचली. दयाळू म्हणून त्यांना आजवर बाहेरच्या कुणी म्हटलं नव्हतं. कात्रण उशाशी घेऊन झोपायला लागले. दोन-चार इतर देशांनीही घाईघाईने अभिनंदन केलं, आपण मागे राहायला नको म्हणून. मग राजेसाहेबांनी दरबारात विचारलं, "मी ज्याला सोडला तो शिक्षक कसा आहे? खुशीत आहे ना?" कुणालाही सोडलेलं नाही, हे सांगायची दरबारात कुणाची टाप होती? सगळे म्हणाले, फार खुशीत आहे.

"आणि मग आमचा जेलर धावत आला," मेहुणा म्हणाला. "अंगावर घाम, हातात त्याचा स्वतःचा कोट. मला म्हणाला, अरे, तू गेल्या आठवड्यातच सुटलायस, अजून इथे काय करतोयस? असा ओरडला की मीच त्याची माफी मागितली."

विशेषणराव हसून हसून खुर्चीवरून घसरायच्या बेतात आले. बायकोही हसत होती. मग तिने भिंतीकडे बोट केलं, तिथे कात्रणांची दाटी झाली होती. "आणि ही? 'अमानुष' म्हटलं होतं यांनी. ही पोचायची का तुझ्यापर्यंत?"

"पोचायची ना. जेलर वाचून दाखवायचा. म्हणायचा, तुमच्या देशाला तत्त्वं आठवली, म्हणजे टाकी भरलेली दिसते."

"त्याला कसं कळायचं?"

"ताई, आमच्या खिडकीतून बंदराचा धक्का दिसायचा. तेल भरायला जहाजांची रांग लागली की राजेसाहेब निर्धास्त. मग आम्हाला नुसता कोरडा पाव. जहाजं येईनाशी झाली की राजेसाहेबांना जगाचं मन राखावंसं वाटायचं, आणि पावाबरोबर अंडं मिळायचं. तुमच्याकडे टाकी भरायची म्हणजे आमच्याकडून जहाजं भरून गेलेली असायची. निषेध आला म्हणजे अंडं बंद, एवढं आम्हाला पाठ झालं होतं."

बायको ज्या ज्या दिवशी गोडधोड करत होती, त्या त्या दिवशी भाऊ कोरडा पाव खात होता. ती उठली, भिंतीवरचं एकेक कात्रण काढलं, टाचण्या डब्यात परत टाकल्या आणि कागद चुलीपाशी ठेवले. मग विशेषणरावांसमोर चहा ठेवून म्हणाली, "प्या. समाधानकारक आहे का बघा." इतक्या दिवसांत ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली होती, आणि त्यांनी एकही विशेषण न लावता तो चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी विशेषणराव कचेरीत गेले तर तिथे आनंदीआनंद. शिक्षक सुटल्याची बातमी पोचली होती आणि मंत्रिमहोदयांनी ती खात्याच्या शांत मुत्सद्देगिरीचं फळ म्हणून जाहीरही केली होती. लिफ्ट चालू झाल्या होत्या. खिडकीबाहेर टाकी नव्या रंगात चकाकत होती आणि छप्पर काठाला आलं होतं.

मोठे साहेब मान तिरकी करून उभे होते. "विशेषणराव, कडक," ते म्हणाले. "बऱ्याच दिवसांत झालं नाही. 'क्रूर'ने सुरुवात करा. उदाहरण नेहमीचंच टाका, तो चित्रकला शिक्षक."

"तो सुटला, साहेब."

"अरेरे," साहेब म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. "फार चांगलं उदाहरण होतं हो ते."

विशेषणरावांनी पेनाचं टोपण लावलं, अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरले. ते चांगलं उदाहरण त्या वेळी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून दुसरं अंडं सोलत होतं, आणि तिसरं खा म्हणून बहीण त्याच्यावर ओरडत होती.